बुर्गीची चाके

"ही गाडी नाहीच, हे घर आहे," असे म्हणून व्हेरेनाने कॅराव्हॅनच्या पत्र्यावर दोन्ही तळहात टेकवले आणि जोर लावला. गाडी तसूभरही हलली नाही. "बघितलंत? आणि घर बांधायला या कॅम्पवर परवानगी नाही, बुर्गीमावशी. कधीच नव्हती."

बुर्गी पडवीत बसून बटाटे सोलत होती. गाडी हलली नाही याचे तिला काही वाटले नाही, पण ते 'बघितलंत' तिला चांगलेच झोंबले. टिरोलच्या डोंगरांत हजार मीटरच्या वर कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही. मग समोर पाद्री असो, डॉक्टर असो, नाहीतर व्हिएन्नाहून आलेला मंत्री असो. कॅम्प तर हजाराच्या बराच वर होता. आणि ही व्हेरेना, कॅम्पचा जुना मालक एंगेलबर्ट याची एकुलती एक मुलगी, शाळेतून सुटली की स्वतःच्या घरी न जाता आधी या पडवीत येऊन खसखशीचा केक मागायची. तिच्या फुटलेल्या गुडघ्यांना पट्ट्या बुर्गीनेच बांधल्या होत्या.

"हे तुम्ही-आम्ही कुणी शिकवलं तुला?" बुर्गीने विचारले.

"मी आता मालक म्हणून बोलतेय, मावशी."

"मग मालकासारखी बस. दारात उभं राहून बोलायला तू काय टपालवाली आहेस?"

व्हेरेना बसली नाही. उभ्यानेच तिने सगळे सांगून टाकले. ओढ्याकाठची ही अख्खी रांग तिला मोकळी हवी होती. इथे आठ लाकडी झोपड्या उभ्या राहणार होत्या, प्रत्येकीच्या पुढे गरम पाण्याचा टब. पाहुण्यांनी टबात बसून काल्टेनकोगेलचा कडा बघायचा. रांगेतल्या कायमवाल्यांना, म्हणजे वर्षानुवर्षे इथेच गाडी लावून राहिलेल्यांना, वरच्या स्की-लिफ्टच्या पार्किंगजवळ जागा मिळणार होती. बाकी सगळे कबूल झाले होते. बुर्गी तेवढी राहिली होती.

"नियम साधा आहे," व्हेरेना म्हणाली. "इथे जागेवर हक्क असतो तो गाडीला. गाडी म्हणजे जी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाऊ शकते. जी जाऊ शकत नाही ती मी क्रेनने उचलून ठेवीन, जिथे मला ठेवायची तिथे."

"आणि गेली तर?"

व्हेरेनाला हसू आले. पडवीच्या लार्चच्या फळ्या, खिडकीखालचे जिरेनियम, वर चार खांबांवर बर्फासाठी उभारलेले पत्र्याचे छप्पर, सगळ्यावरून तिची नजर फिरली. "रविवारी फाटकाबाहेर न्या आणि परत आणा. जमलं तर जागा तुमची, तुम्ही आहात तोवर. सोमवारी सुतार येतायत माप घ्यायला."

"लुडविग," बुर्गीने आवाज चढवला, "ऐकलंस ना?"

शेजारच्या कुंपणापलीकडून उत्तर आले, "ऐकलं." लुडविग हा जर्मनीतल्या उल्मचा निवृत्त बसड्रायव्हर. गेला तासभर तो एकाच गुलाबाला पाणी घालत होता.

व्हेरेना गेल्यावर तो कुंपणाशी आला. त्याचे तोंड पडले होते. "मी सही करून टाकली, बुर्गी. माझ्याच्यानं भांडण होत नाही."

"ठाऊक आहे मला. तुझ्याकडं पहार आहे का?"

"पहार कशाला?"

"भांडायला," बुर्गी म्हणाली आणि उरलेले बटाटे सोलू लागली.

बुर्गी, म्हणजे नोटबुर्गा क्रानेबिटर, अशी कुणाशी भांडत आली होती असे नाही. उलट जन्मभर तिने फार कमी तोंड उघडले. खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या एका शेतावर ती जन्मली. तिकडे शेताची वाटणी होत नाही. जनावरे, गोठा, कुरण, सगळे एकाच मुलाकडे जाते आणि बाकीच्यांनी जगाचा रस्ता धरायचा. तिच्या घरी तो एक म्हणजे तिचा भाऊ. बाप गेला त्या शरद ऋतूत बुर्गीच्या हातात पुठ्ठ्याची पेटी आली. ती इन्सब्रुकला इस्पितळाच्या कपडेघरात लागली आणि पेन्शनीत निघेपर्यंत परक्यांच्या चादरींना इस्त्री करत राहिली. राहायला ट्रामच्या थांब्यावरच्या दोन खोल्या होत्या. त्या भाड्याच्या.

तिथेच तिला अल्फोन्स भेटला. पत्र्याचे काम करायचा, बोलायचा भरपूर आणि ऐकायचा कमी. दोघांनी मिळून ही कॅराव्हॅन कुणाकडून तरी जुनी घेतली. पहिली काही वर्षे ती दोघे तिला मोटारीमागे बांधून घाटांमागून घाट ओलांडत हिंडली, पार खाली इटलीच्या सरोवरांपर्यंत. मग एका उन्हाळ्यात अल्फोन्सने या ओढ्याकाठी गाडी लावली, तिच्याखाली चार दगड दिले आणि म्हणाला, "पुरे झालं फिरणं." तेव्हापासून ईस्टर ते ऑक्टोबर आणि पुन्हा नाताळात बुर्गी इथे असायची. ही काही पावलांची जागा तिने खुरपली, शिंपली, झाडली. नवऱ्याच्या माघारीही ती इथेच येत राहिली. पृथ्वीच्या पाठीवर तिला 'माझी' म्हणता येईल अशी माती एवढीच होती. ती सोडून पार्किंगजवळ गाड्यांचा धूर खात बसायला ती तयार नव्हती.

पडवी काढायला आठवडा गेला. अल्फोन्सचा एक दोष होता. जिथे दोन स्क्रूंनी भागते तिथे तो सहा मारायचा. ही पडवी वादळात उडणार नाही, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ते खरेही होते; आता ती पहारीलाही दाद देत नव्हती. लुडविग स्क्रूंना तेल पाजत होता आणि बुर्गी पहार घालत होती. पहिली फळी निघाली तेव्हा तिला रडू आले. तिने ते लपवलेही नाही. रडली, एप्रनने नाक पुसले आणि दुसऱ्या फळीला भिडली.

"थांबू या का?" लुडविगने विचारले.

"थांबून काय, ती आपोआप पडणार आहे?"

सगळ्यात चीड आली ती चपलांच्या बाकड्याची. गाडी ओढायचा जो पुढचा लोखंडी दांडा असतो, नेमका त्याच्यावरच अल्फोन्सने बाकडे बांधून काढले होते आणि वर गादी ठोकली होती. इतकी वर्षे त्या बाकड्यावर बसून बुर्गी बुटाच्या नाड्या बांधत होती आणि आपण कशावर बसलोय हे विसरून गेली होती. "शहाणाच होतास," ती मेलेल्या नवऱ्याला मोठ्याने म्हणाली, "गाडीची वेसण काढून तिचं फर्निचर केलंस."

बाकडे फुटले, दांडा मोकळा झाला. मग लुडविग गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिला. उठला तेव्हा त्याला बोलायचे धाडस होईना.

"बुर्गी, हिला चाकंच नाहीत."

"नाहीत," बुर्गी म्हणाली. "चल माझ्याबरोबर. जॅक घे."

कॅम्पच्या ऑफिससमोर गॅसच्या बाटल्या वाहायची हातगाडी उभी असायची. कुणाचा गॅस संपला की ती ढकलत न्यायची, असा रिवाज. शनिवारी भर सकाळी, पाव घ्यायला आलेल्यांच्या रांगेदेखत, बुर्गीने तिच्यावरच्या बाटल्या एकेक करून खाली उतरवल्या. लुडविगने जॅक लावला. दोघे बोल्ट सोडू लागली तेवढ्यात व्हेरेना बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

"माझी चाकं नेतेय."

"मावशी, ही कॅम्पची हातगाडी आहे!"

"हातगाडी कॅम्पची. चाकं कॅराव्हॅनची. तुझ्या बापानं आणि अल्फोन्सनं एका संध्याकाळी बिअर पिऊन हा उद्योग केला. हिला आता काय करायची चाकं, म्हणाले. बोल्ट बघ की. हातगाडीला असली चाकं लावताना पाहिलंस कुठं?"

व्हेरेनाने वाकून पाहिले. तिची नजर चाकावरून टायरवर गेली. "पण टायर! टायर मी गेल्याच वर्षी नवे घातलेत."

"हो, बघितलं मी," बुर्गी म्हणाली. "देव तुझं भलं करो."

पावाच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसले. व्हेरेना आत निघून गेली. दार जरा जोरातच लागले.

चाके बसली, दगड निघाले, टायरांत हवा टिकली. आता ओढणार कोण, हा प्रश्न होता. लुडविगची नवी विजेची गाडी सगळ्या कॅम्पला दाखवून झाली होती, पण तिला मागे हूकच नव्हता. ट्रॅक्टर होता तो कॅम्पचा. वरच्या शेतावरचा दुसरा ट्रॅक्टर व्हेरेनाच्या मामाचा. तो म्हणाला, रविवारी मी ट्रॅक्टर काढत नाही, आणि हे म्हणताना तो ट्रॅक्टरवरच बसला होता.

रविवारी सकाळी बुर्गीने केस विंचरले, धुतलेला एप्रन बांधला आणि ती मोटारहोमवाल्यांच्या मैदानाकडे निघाली. कायमवाल्यांच्या लेखी ही जमात म्हणजे 'रात्रीपुरते'. संध्याकाळी यायचे, संडासची टाकी रिकामी करायची, पाणी भरायचे, डोंगराचे फोटो काढायचे आणि सकाळी चालू लागायचे. बुर्गी त्यांच्याशी फक्त ओरडायलाच बोलत असे. दुपारी एक ते तीन कॅम्पवर शांतता. फाटकाला कुलूप, इंजिन बंद. हा नियम बुर्गीइतका कडक पहारेकऱ्यानेही पाळला नसता. आदल्याच दिवशी भर शांततेत फाटकावर हॉर्न वाजवणाऱ्या एका बाईला तिने 'तुमच्या देशात घड्याळं नसतात का' असे खडसावले होते. आणि आता नेमक्या तिच्याच मोटारहोमच्या मागे, सायकलींच्या ट्रेलरसाठी लावलेला दणकट हूक चमकत होता.

बाईचे नाव सीट्स्के. हॉलंडमधल्या फ्रीजलंडची होती, हाडापेराने मजबूत. ती दारात बसून कॉफी पीत होती.

"कालची तूच ना?" तिने विचारले. "माझ्यावर ओरडलीस ती?"

"मीच. आणि बरोबर ओरडले."

"मग आज काय?"

बुर्गीने सगळे सांगितले. झोपड्या, टब, क्रेन, फाटक. सीट्स्केने मधे एकदाही विचारले नाही की तुला एवढा हट्ट कशाला. कॉफी संपवली आणि उठली.

आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "सीट्स्के, क्लच जळेल."

"तू बटाट्यांकडं बघ," ती म्हणाली.

कॅम्पवर कुणाचीही गाडी हलली की आसपासचा प्रत्येक पुरुष खुर्चीतून उठतो आणि हातवारे करू लागतो. हा रोग सगळ्या देशांत सारखाच आहे. त्या दिवशी तर साथ आली. एक म्हणे डावीकडे, एक म्हणे उजवीकडे, लुडविग सगळ्यांना गप्प बसा म्हणत होता. सीट्स्केने कुणाकडेच न बघता गियर टाकला. दोर ताणल्यासारखी सगळी गाडी कण्हली. चाकांनी मातीत अंग आवळून धरले होते. दुसऱ्या झटक्याला काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि बुर्गी वाकून गाडीखाली बघू लागली. पण ती अल्फोन्सची राहिलेली एक पट्टी होती, सहा स्क्रूंची. आणि मग बर्फाच्या छपराखालून कॅराव्हॅन बाहेर आली. हळूच, उन्हाला डोळे दिपल्यासारखी. मागे जमिनीवर फिकट चौकोन उरला. तिथे गवत नव्हते, एक गंजलेला जेवणाचा काटा होता आणि मुंग्यांची धावपळ चालली होती.

वाट अरुंद होती. कुंपणे चाटत, एकेका वळणावर थांबत, मागेपुढे करत वरात फाटकापर्यंत आली. फाटकाशी व्हेरेना उभी होती, हातात किल्ली. खालच्या गावात चर्चचा ठोका पडला.

"एक वाजला," व्हेरेना म्हणाली. तिचा आवाज तितकासा खणखणीत नव्हता, पण तिने फाटकाच्या आडव्या दांड्याला कुलूप घातले.

सीट्स्केने आपल्या भाषेत काहीतरी अर्वाच्य म्हटले. सगळे बुर्गीकडे बघू लागले. आता ही बाई पाया पडणार, नाहीतर शिव्या देणार.

"वाजला. खरंय," बुर्गी म्हणाली. "इंजिन बंद कर, सीट्स्के. शांततेची वेळ आहे."

तिने गाडीत चढून घडीचे टेबल बाहेर काढले आणि वाटेच्या मधोमध, फाटकासमोर मांडले. खुर्च्या मांडल्या. शेगडीवर सूप चढवले, त्यात चीजचे वडे सोडले. पलीकडून, म्हणजे बाहेरून, रविवारची मोटारहोमे येऊ लागली होती. पहिले म्युनिकचे, बसएवढे. त्याने हॉर्न दिला. बुर्गीने चमच्यानेच शांततेची पाटी दाखवली. हळूहळू रांग पुलापर्यंत गेली, मग पुलाच्या पलीकडे. आतून बाहेर जाणारेही कॅराव्हॅनच्या मागे अडकले. ऑफिसातला फोन वाजत राहिला.

अर्ध्या तासाने व्हेरेना आली. "मावशी, उघडते मी. जा तुम्ही."

"तीनला."

"मी मालक आहे. मी सांगतेय ना, जा!"

"नियम तुझ्या बापानं लावलाय. आणि आठवडाभर नियम तूच मला शिकवतेयस. बस आता. सूप घे."

व्हेरेनाने रांगेकडे पाहिले, आपल्या हातातल्या किल्लीकडे पाहिले आणि खुर्चीत अंग टाकले. बुर्गीने वाडगा पुढे सरकवला. व्हेरेनाने चमच्याने वडा फोडला.

"तुला सोपं वाटतं गं," ती अखेर म्हणाली. तोंडातून 'तुला' निघून गेले ते तिला कळलेही नाही. "नाताळात आता बर्फ पडत नाही. खिडकीतून हिरवं गवत दिसतं. स्कीवाले येत नाहीत. तुम्ही कायमवाले एकेक करून म्हातारे होताय आणि तुमची पोरं ग्रीसला जातात. या रात्रीपुरत्यांना पाणी नि वीज सोडून काही नको. मी काय करू? बापाचा कॅम्प बंद करू?"

"झोपड्या बांध की. मी कुठं नको म्हणते? माझी जागा सोडून बांध."

"आठाच्या सात होतील. आणि मधे तुझं हे पत्र्याचं खोकं! लोक टबात बसून काय तुझे वाळत घातलेले पायमोजे बघणार?"

"लोकरीचे आहेत. बघण्यासारखे आहेत."

सीट्स्के खो-खो हसली. व्हेरेनाला हसायचे नव्हते, तिने वाडग्यात तोंड घातले. "तुला मी पार्किंगजवळची त्यातल्या त्यात उन्हाची जागा ठेवली होती," ती म्हणाली. "तुझं वाईट करायचं नव्हतं मला."

"ठाऊक आहे," बुर्गी म्हणाली. तिने चमचा खाली ठेवला. "व्हेरेना, माझं कुणीच कधी वाईट केलं नाही. बाप गेला, शेत भावाला मिळालं, मला पेटी मिळाली. रीतच होती. आईनं कॉफी दिली, कपाळावर क्रूस काढला. मी पेटी उचलली आणि बसमध्ये बसले. आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून वळण येईपर्यंत हसत बसले. मला राग आलाय हे कळायलाच मला पुढं कित्येक वर्षं लागली. तशी एकदा गेले मी, मुकाट्यानं. आता जाणार नाही. क्रेन आणायची तर आण, पण मला या खुर्चीसकट उचलायला सांग. आणि मी हसणार नाही, आधीच सांगते."

लुडविग आपल्या बुटांकडे बघत होता. व्हेरेना स्वतः बापाच्या जमिनीवर बसली होती, सगळीच्या सगळी तिची. तिने वाडगा पुढे केला. बुर्गीने त्यात आणखी एक वडा घातला.

तीनचे ठोके पडले. व्हेरेनाने कुलूप काढले, दांडा वर गेला. सीट्स्केने इंजिन चालू केले. म्युनिकची धिप्पाड गाडी, तिच्यामागची, तिच्यामागची, सगळी रांग पुलाकडे मागे मागे सरकू लागली आणि तिथेही हात करणारे पुरुष उतरले. बुर्गी कॅराव्हॅनच्या बाजूने चालत फाटकाबाहेर पडली, पत्र्यावर एक हात ठेवून, जत्रेत मिरवायला काढलेल्या गायीबरोबर मालकीण चालते तशी. बसथांब्याच्या मोकळ्या जागेत वळसा घेतला आणि सगळेजण परत आले. व्हेरेना अजून फाटकातच उभी होती.

"सुतारांना सात सांगते," ती म्हणाली. एवढेच म्हणाली आणि रांगेतल्या गाड्या आत घ्यायला गेली.

छपराखाली गाडी पुन्हा लागली तेव्हा उन्हे काल्टेनकोगेलच्या कड्यावर चढली होती. पडवीच्या फळ्या एका बाजूला रचून ठेवल्या होत्या. पडवीवाचून गाडी केवढीशी दिसत होती. सीट्स्के हात धुऊन बटाट्यांकडे गेली. लुडविग चाकांमागे दगड लावून, गाडीचे चारी कोपऱ्यांचे पाय खाली करायचा हँडल घेऊन आला.

"राहू दे," बुर्गी म्हणाली.

"पाय नाही सोडले तर पाऊल टाकलं की हलेल ती."

"हलू दे. चाकांवर आहे, लोकांना कळू दे."

लुडविगने खांदे उडवले आणि गेला. बुर्गी आत चढली. गाडीची जमीन पायाखाली किंचित दबली, तशी तिने दाराची चौकट धरली. फिरतीच्या त्या वर्षांत अल्फोन्स तिच्या आधी उठायचा. त्याने पलंगावरून पाय खाली टाकला की सगळी गाडी त्याच्या अंगाला कलायची, आणि झोपेतच तिला कळायचे, उठला, आता कॉफी होईल. मग गाडी दगडांवर चढली आणि ते कलणे बंद झाले. बंद झाल्याचे दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

ती आपल्या बाजूला बसली. गाडी तिच्या अंगाला कलली आणि तिथेच थांबली. बाहेर ओढा वाहत होता. बुर्गी थोडा वेळ तशीच बसून राहिली, मग उठून पलीकडे, अल्फोन्सच्या बाजूला जाऊन बसली. गाडी हळूच तिकडे कलली.